विज्ञानाचे खेळ आणि आपली मुले : ग्लेन वेव्हर्ली परिसरातील पालकांसाठी माहिती



मुलाला इथल्या शाळेत घातले की 'एक्सकर्शन' हा शब्द आपल्याला ओळखीचा असतो, पण 'इन्कर्जन' पहिल्यांदा ऐकला की आपण जरा बुचकळ्यात पडतो. एक्सकर्शन म्हणजे शाळा बाहेर जाते ती सहल. इन्कर्जन म्हणजे बाहेरचे कोणी शाळेत येऊन काहीतरी दाखवते. सापवाले येतात, नाटकवाले येतात आणि सर्वांत जास्त वाट पाहिली जाते ती विज्ञानवाल्यांची. पांढरा कोट घातलेला एखादा दादा किंवा ताई दोन मोठ्या पेट्या घेऊन हॉलमध्ये येते आणि पुढचा तासभर प्रेप ते सहावीची मुले जागची हलत नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर नेहमी 'काय केलंस आज?' ला 'नथिंग' म्हणणारे आपले रत्न त्या दिवशी मात्र बोलायचे थांबत नाही.

मंडळाच्या सभासदांकडून दरवर्षी दोन प्रश्न येतात. अशा कार्यक्रमांचा खरेच काही उपयोग होतो का? आणि घरी किंवा मंडळात आपण असे काही करू शकतो का? ह्या दोन्हींची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून ही माहिती दिली आहे.

ह्या खेळांत असते तरी काय?

बहुतेक कार्यक्रमांचा मसाला ठरलेला असतो. वजा १९६ अंश सेल्सिअसचा द्रवरूप नायट्रोजन येतो, त्यात बुडवलेले फूल काचेसारखे फुटते आणि फुगा आक्रसून पुन्हा फुगतो. कोरडा बर्फ येतो. तो म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. तो वितळत नाही, वजा ७८ अंशांच्या आसपास थेट वायू होतो. व्हॅन डी ग्राफ यंत्राच्या गोळ्याला हात लावून एखाद्या मुलीचे केस उभे राहतात. कचऱ्याच्या मोठ्या डब्याच्या बुडाला गोल भोक पाडून दुसऱ्या तोंडाला ताणलेले प्लास्टिक बसवतात आणि त्यावर थाप मारली की हवेचे एक वलय निघून दहा फुटांवरच्या कागदी पेल्यांचा मनोरा पाडते. आणि शेवटी हत्तीची टूथपेस्ट! हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन वेगाने घडवून आणले की ऑक्सिजन सुटतो, भांडी घासायच्या साबणात तो अडकतो आणि फेसाचा खांब वर येतो. मुलांच्या किंकाळ्या शेजारच्या रस्त्यावर ऐकू जातात.

हे सर्व छानच आहे. फरक पडतो तो मुलांच्या हातात काय येते ह्याने. काही कार्यक्रमांत दोनशे मुले फक्त बघतात आणि दोघे-तिघे पुढे बोलावले जातात. काहींत अर्धा तास खेळ आणि मग वर्गावर्गात प्रत्येकाला साहित्य देऊन करून बघायला लावतात. आमच्या मते दुसरा प्रकार दुप्पट पैसे मोजूनही स्वस्त पडतो. शाळेच्या पालक समितीवर तुमच्यापैकी कोणी असेल, तर इन्कर्जन ठरवताना हा एक प्रश्न जरूर विचारा : 'प्रत्येक मूल स्वतःच्या हाताने काय करणार आहे?'

थोडा इतिहास

मुलांसमोर प्रयोग करून दाखवायची परंपरा जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळची व्याख्याने १८२५ साली सुरू झाली. मायकेल फॅरेडे ह्यांनी त्यांतल्या एकोणीस मालिका स्वतः दिल्या आणि एक साधी मेणबत्ती घेऊन अख्खे रसायनशास्त्र मुलांसमोर उलगडले. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला आणि कॉलेजचे तोंड न पाहिलेला हा माणूस. तो मुलांशी बोलताना अवघड शब्दांच्या मागे लपत नसे, ह्यात नवल नाही.

ऑस्ट्रेलियात ही आवड घराघरांत नेली ती ज्युलियस समनर मिलर ह्या अमेरिकन प्राध्यापकाने. एबीसी दूरदर्शनवर १९६३ पासून १९८६ पर्यंत त्यांचा 'व्हाय इज इट सो?' हा कार्यक्रम चालला. विस्कटलेले केस, मोठा आवाज आणि प्रत्येक प्रयोगानंतर तोच प्रश्न : असे का होते? तुमच्या ऑफिसमधल्या साठीच्या सहकाऱ्याला नुसते हे नाव सांगून बघा, कॅडबरीच्या जाहिरातीतल्या त्यांच्या अंड्याच्या प्रयोगासकट सर्व ऐकवतील.

दुसरे नाव माइक गोर ह्यांचे. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत ते भौतिकशास्त्र शिकवत. फ्रँक ओपेनहायमर ह्यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' काढले होते. तिथे काचेआडच्या वस्तू नव्हत्या, सर्व हाताळायला होते. (होय, अणुबॉम्बवाल्या ओपेनहायमरचाच हा धाकटा भाऊ.) ते पाहून प्रेरित झालेल्या गोर ह्यांनी १९८० साली कॅनबेरातल्या एन्सली प्राथमिक शाळेच्या जागेत पंधरा वस्तू मांडून 'क्वेस्टाकॉन' सुरू केले. १९८८ साली ऑस्ट्रेलियाच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने जपान आणि ऑस्ट्रेलिया ह्यांच्या संयुक्त निधीतून त्याची आजची तळ्याकाठची इमारत उभी राहिली. त्याआधीच, १९८५ साली, 'सायन्स सर्कस' रस्त्यावर आली होती. विद्यापीठातले तरुण विद्यार्थी मोठ्या ट्रकमध्ये प्रयोग भरून दूरदूरच्या गावांत जायचे, शाळेच्या हॉलमध्ये खेळ करायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. तमाशाच्या फडाची आठवण यावी असा हा प्रकार! आज शाळांत खेळ करणाऱ्या अनेकांची रीत ह्या सर्कशीतून आलेली दिसते.

आपल्याकडचे काम

इथे आलो म्हणजे विज्ञान रंजक झाले, असे आपल्यातल्या काहींना वाटते. ते बरोबर नाही. आपल्याकडे हे काम फार मोठे झाले आहे आणि तेही खिशात पैसे नसताना.

१९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) सोळा सरकारी शाळांत एक प्रकल्प सुरू झाला. पाठ्यपुस्तक पाठ करण्याऐवजी सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग करूनच विज्ञान शिकायचे. तो पुढे शेकडो शाळांत पसरला आणि २००२ साली राज्य सरकारने बंद केला. कानपूरच्या आयआयटीतून शिकून पुण्यात टेल्कोत लागलेले अरविंद गुप्ता १९७८ च्या सुमारास तिथे गेले. खेड्यातल्या आठवडे बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी काय केले, तर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या! त्रिकोण दाबून बघा, हलत नाही. चौकोन लगेच कलतो, त्याला कर्णाची काडी लावली की ताठ होतो. विजेच्या मनोऱ्यावर सगळीकडे त्रिकोण का दिसतात, हे दहा वर्षांच्या मुलाला शब्दाविना कळते.

पुढे २००३ पासून २०१४ पर्यंत गुप्ता पुण्याच्या 'आयुका'मध्ये मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. हे केंद्र म्हणजे 'मुक्तांगण विज्ञान शोधिका'. पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून ते उभे राहिले आणि इमारतीचे नाव आहे 'पुलस्त्य'. सप्तर्षींपैकी एक तारा, आणि त्यात आपले पु. ल. लपलेले! टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायच्या त्यांच्या शेकडो छोट्या फिती आणि पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, त्यांत मराठीतलीही बरीच आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

'आयुका'चे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर ह्यांची एक पद्धत अनेकांना आठवत असेल. मुले स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एक विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा अशी पत्रे जपून ठेवलेल्या कितीतरी लोकांनी ती बाहेर काढली. ह्याशिवाय १९६६ पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद, १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि १९८५ साली वरळीत उघडलेले नेहरू विज्ञान केंद्र आहे. सुट्टीत मुंबई-पुण्याला जाल तेव्हा मॉलमधला एक दिवस कमी करून ह्यांपैकी एका ठिकाणी मुलांना न्या. आजी-आजोबाही खूष होतात.

आपल्या भागात काय आहे?

सर्वांत सोपे ठिकाण म्हणजे स्पॉट्सवूडचे 'सायन्सवर्क्स'. हे १९९२ साली उघडले. शेजारीच एकोणिसाव्या शतकातले सांडपाणी उपसायचे वाफेचे पंपिंग स्टेशन आहे. मुले तिकडे दुर्लक्ष करतात, पण इंजिनिअर बाबांचा पाय निघत नाही, असा अनुभव आहे. तिथल्या 'लाइटनिंग रूम'मध्ये टेस्ला कॉइलमधून वीस लाख व्होल्टपर्यंत दाब निर्माण करून सुमारे तीन मीटर लांबीच्या ठिणग्या दाखवतात. तारांगणही आहे. ह्या दोन्ही खेळांना वेगळे तिकीट लागते का आणि वेळा काय आहेत, हे आधी पाहून ठेवा. शाळेच्या सुट्टीत ते लवकर भरतात. ग्लेन वेव्हर्लीहून गाडीने मोनॅश फ्रीवे आणि वेस्ट गेट पूल ओलांडला की लगेच बाहेर पडायचे. ट्रेनने जायचे तर फ्लिंडर्स स्ट्रीटला बदलून स्पॉट्सवूड स्टेशनला उतरायचे आणि थोडे चालायचे. डबा बरोबर घ्या.

क्लेटनचे मोनॅश विद्यापीठ तर आपल्या अंगणातच आहे. साधारणपणे ऑगस्टमध्ये होणाऱ्या तिथल्या ओपन डेला फक्त बारावीच्या मुलांनी जायचे असते असा समज आहे, पण लहान मुलांना घेऊन फिरणारी कुटुंबेही तिथे दिसतात. त्याच आवारात मोनॅश टेक स्कूल आहे. तिथे आजूबाजूच्या माध्यमिक शाळांची मुले शाळेमार्फत जातात. २०१० साली उघडलेले जॉन मोनॅश सायन्स स्कूलही तिथेच आहे. ही दहावी ते बारावीची सरकारी शाळा असून तिच्यासाठी प्रवेशपरीक्षा असते. जरा लांब, स्ट्रॅथमोरला, अवकाशविज्ञानाचे केंद्र आहे. तिथे मुले अंतराळवीरांचे पोशाख घालून बनावट मंगळावर 'उतरतात'. पार्कव्हिलला जनुकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. ह्या दोन्ही ठिकाणी सहसा शाळेच्या सहलीनेच जाता येते, तेव्हा शिक्षकांना सुचवणे एवढेच आपल्या हाती.

दरवर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय विज्ञान सप्ताह असतो. १९९७ पासून तो चालू आहे आणि त्या आठवड्यात ग्रंथालयांत बरेच विनामूल्य कार्यक्रम होतात. व्हिक्टोरियाच्या विज्ञान शिक्षक संघटनेची 'सायन्स टॅलेंट सर्च' ही स्पर्धा तर १९५२ पासूनची आहे. त्यात प्रयोगाबरोबरच मॉडेल, छायाचित्रे, खेळ, लेखन असे विभाग असतात. ज्याला गणित फारसे आवडत नाही, पण चित्रे काढायला आवडतात, अशा मुलासाठी ही चांगली वाट आहे. प्रवेशिका शाळेमार्फत जातात.

मग उपयोग होतो का?

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. नुसता एक खेळ बघून कोणी शास्त्रज्ञ होत नाही. दोन आठवड्यांनी विचारले तर मुलांना 'बूम' झाले एवढेच आठवते. पण खेळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूल जो प्रश्न विचारते, त्याचे आपण काय करतो ह्यावर बरेच अवलंबून असते. आणि इथे आपल्या समाजाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे.

ग्लेन वेव्हर्लीत राहायला येणाऱ्या बहुतेक घरांनी घर घेताना आधी शाळेची हद्द पाहिलेली असते. चौथी-पाचवीपासून शनिवार-रविवार क्लासला जातो. सिलेक्टिव्ह शाळांची परीक्षा, मग स्कॉलरशिप, मग व्हीसीईचे स्केलिंग. ह्यात आम्ही कोणाला नावे ठेवत नाही, आम्हीही त्याच रांगेत उभे आहोत. पण ह्या वेळापत्रकात 'असे का होते?' ह्या प्रश्नाला जागा उरत नाही. आठवीत पंचाण्णव टक्के मिळवणारी मुलगी दहावीत विज्ञानाचे विषय सोडायचे म्हणते आणि घरात भूकंप होतो. कारण विचारले तर ती म्हणते, 'इट्स जस्ट वर्कशीट्स.' अशी दोन-तीन घरे प्रत्येकाच्या ओळखीत असतील. क्लास बंद करा असे नाही. रविवारची एक दुपार मोकळी ठेवा, इतकेच आमचे मागणे आहे.

दुसरी गोष्ट, चुकीचे स्पष्टीकरण. खेळ करणारे घाईत असतात आणि पालकही. मेणबत्तीचा प्रसिद्ध प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर ग्लास पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढते. 'ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी एक पंचमांश चढले', हे उत्तर पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले आहे. आता हाच प्रयोग एक मेणबत्ती आणि तीन मेणबत्त्या घेऊन त्याच मापाच्या ग्लासांत करा. तीन मेणबत्त्यांच्या ग्लासात पाणी जास्त चढते. ऑक्सिजन तर दोन्हींत सारखाच होता! खरे कारण मुख्यतः उष्णतेचे आहे. ज्योतीने हवा तापून प्रसरण पावते, काही हवा बुडबुड्यांनी बाहेर जाते, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होते, तिचा दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर भराभर चढते, हेही नीट पाहिले तर दिसते. शिवाय ज्योत विझते तेव्हा ग्लासातला बराच ऑक्सिजन शिल्लकच असतो. बाटलीत अंडे ओढले जाते, त्याचे कारणही हेच. मुलांना उत्तर न सांगता आधी तीन मेणबत्त्या द्या आणि गप्प बसा. गप्प बसणे सर्वांत अवघड असते!

घरी आणि मंडळात करण्याजोगे

आम्ही मंडळाच्या मुलांबरोबर केलेल्यांपैकी जे हमखास जमतात ते दोन.

पिपाणी : स्ट्रॉचे एक टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापा, म्हणजे पोपटाच्या चोचीसारखे दोन पडदे होतात. ते ओठांत धरून जोरात फुंका. वाजली की वाजवता वाजवता दुसरे टोक कात्रीने थोडे थोडे कापत जा. नळी आखूड होईल तसा स्वर चढतो. बासरी आणि सनईचे सारे गणित ह्यात आहे. अडचण एकच. व्हिक्टोरियात १ फेब्रुवारी २०२३ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिक स्ट्रॉची विक्री बंद आहे आणि कागदी स्ट्रॉ थुंकीने लगेच मऊ पडतात. जाड कागदाच्या घ्या, टोक चपटे करताना नखाने नीट दाबा आणि प्रत्येक मुलासाठी तीन-चार धरा.

मोटार : एक जाड दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, रबर बँड, एक चपटे चुंबक आणि मीटरभर वार्निश केलेली तांब्याची तार. तारेची सेलभोवती दहा वेढ्यांची गुंडाळी करा आणि दोन टोके समोरासमोर सरळ बाहेर काढा. एका टोकाचे वार्निश पूर्ण खरवडा, दुसऱ्याचे फक्त अर्ध्या बाजूचे. पिना सेलच्या दोन टोकांना रबर बँडने बसवा, चुंबक सेलवर ठेवा, गुंडाळी पिनांच्या भोकांत अडकवून हलके फिरवा. अर्ध्याच बाजूचे वार्निश का काढायचे? अर्धा फेरा वीज मिळते आणि चुंबक गुंडाळीला ढकलते. उरलेला अर्धा फेरा वीज तुटते आणि ती वेगाच्या जोरावर पुढे जाते. वीज सतत राहिली तर गुंडाळी मधेच अडकते. ती अडकली तर लगेच बाजूला काढा, तार तापते.

हे करताना मराठी शब्द वापरा. दाब, घनता, पृष्ठताण, जडत्व. इथली मुले हे शब्द पटकन उचलतात, कारण ते हातातल्या वस्तूला चिकटून येतात. भारतातून आलेले आजोबा अशा दुपारी एकदम कामाचे होतात, बॅडमिंटनच्या फुलाच्या डब्यापासून काय काय करून देतात!

काही नियमही लक्षात ठेवा. कोरडा बर्फ बंद बाटलीत कधीही भरू नका, वायूच्या दाबाने ती फुटते. गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा. हत्तीची टूथपेस्ट करायची तर केमिस्टकडचे तीन टक्क्यांचे पेरॉक्साइड, यीस्ट, कोमट पाणी आणि साबण एवढ्यावर भागवा. खेळवाल्यांचे तीव्र द्रावण घरात आणू नका. बटणासारखे सेल आणि छोटी शक्तिशाली चुंबके धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका. पॉयझन्स इन्फर्मेशन सेंटरचा क्रमांक १३ ११ २६ फ्रिजवर लावून ठेवा, आणि मुलाला श्वास घ्यायला त्रास होत असेल तर सरळ ट्रिपल झीरो. मंडळातर्फे मुलांचा कार्यक्रम करायचा असेल, तर मदतनीसांकडे वर्किंग विथ चिल्ड्रन चेक हवा. स्वयंसेवकांना तो विनाशुल्क मिळतो. हॉल घेताना विम्याचे आणि ज्योत पेटवायला परवानगी आहे का, हे दोन्ही आधीच विचारा. धुरामुळे अलार्म वाजला तर अग्निशमन दलाचे बिल मंडळाला येऊ शकते.

शेवटी एक विनंती. आगकाड्यांच्या आकृत्यांसाठी लागणारी व्हॉल्व्ह ट्यूब इथल्या सायकलच्या दुकानांत मिळत नाही, इथल्या व्हॉल्व्हची रचनाच वेगळी आहे. पुण्यात किंवा गावी सायकलच्या कोणत्याही दुकानात ती मीटरवर मिळते आणि बॅगेत वजनही होत नाही. पुढच्या खेपेला जाणाऱ्यांनी पाच-दहा मीटर आणावी. काड्या मात्र इथेच क्राफ्टच्या दुकानात बिनगुलाच्या मिळतात.

आपली,
बालविभाग समिती